"नुसती सही तर करायचीय" : भावाच्या गृहकर्जाला सहकर्जदार व्हावं का?

रुईफूल (धागाकर्ती)

धाकट्या भावानं फ्लॅट ठरवलाय. कर्ज हवंय ४० लाख, मुदत २० वर्षं. त्याचं काम कंत्राटी, एखाद्या महिन्यात बक्कळ पैसे, एखाद्या महिन्यात खडखडाट. बँकेनं सांगितलं, एकट्याच्या उत्पन्नावर २८ लाखच बसतात. मग तिथल्याच माणसानं सुचवलं की घरात कुणी पगारदार असेल तर त्यांची सही आणा, ४० होऊन जातील.

घरातली पगारदार म्हणजे मी. वय ४१, स्वतःचं कर्ज गेल्या वर्षी फेडून मोकळी झालेय. भाऊ म्हणतो, "ताई, नुसती सही तर करायचीय. हप्ता माझ्या खात्यातून जाणार, तुला कळणारसुद्धा नाही." बँकेतला माणूस म्हणतो, मॅडम, फॉरमॅलिटी आहे. नवरा म्हणतो, तुझा भाऊ, तू ठरव. (हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याचा अर्थ कळेल.)

भावाच्या दानतीबद्दल शंका नाही. फ्लॅटवर नावं त्याचं आणि वहिनीचं. या सहीनं नक्की काय काय माझ्या गळ्यात पडतं तेवढं समजून घ्यायचंय. ज्यांनी अशी सही केलीय त्यांनी कृपया लिहा.

अर्धविराम

सही कुठल्या रकान्यात? सहकर्जदार की जामीनदार?

रुईफूल

फॉर्मवर को-ॲप्लिकंट छापलंय. भाऊ मात्र जामीनदार, जामीनदार म्हणत होता. मला वाटलं दोन्ही एकच.

हिशेबनीस

एकच नाही. बँकेच्या कर्ज विभागात २२ वर्षं काढली, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ज्याचं नाव खरेदीखतावर तो सहमालक. ज्याचं नाव कर्जाच्या करारावर तो सहकर्जदार. आणि मूळ कर्जदारानं भरले नाहीत तर मी भरीन असा शब्द बँकेला देणारा तो जामीनदार. तिघांचे कागद वेगळे, हक्क वेगळे. बँका साधारणपणे सगळ्या सहमालकांना सहकर्जदार करून घेतातच. उलट तसं नसतं. सहकर्जदार झालात म्हणून घरात चौरस फूटभरही वाटा मिळत नाही. ताई, तुमच्या वाट्याला कर्ज पूर्ण आणि घर शून्य येतंय, हे आधी नीट लक्षात घ्या.

आता "पूर्ण" शब्दाबद्दल. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांना वाटायचं की दोन कर्जदार म्हणजे निम्मं निम्मं. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ४३ वाचा. एकत्र कबुली देणाऱ्यांपैकी कुणाही एकाकडून सगळीच्या सगळी रक्कम मागता येते. त्याचा हिस्सा किती हा तुमचा आपसातला मामला, बँकेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि बँकेचा कल कुणाकडे असेल सांगा बरं? कंत्राटी कामवाल्याकडे की दर महिन्याच्या १ तारखेला पगार होणाऱ्याकडे?

"फॉरमॅलिटी" या शब्दावर तर मी अख्खा धागा काढू शकतो. १२ लाख जास्तीचं कर्ज फॉरमॅलिटीवर मिळत नसतं. ते तुमच्या पगारपत्रकावर मिळतं.

जुना_खांब

सख्ख्या भावाला सही द्यायला आता धागा काढावा लागतो, धन्य आहे. आमच्या नोकरीत पतपेढीच्या कर्जाला दोन जामीनदार लागायचे. एकमेकांना सह्या देऊनच निम्म्या ऑफिसची घरं उभी राहिली. सगळे असे कलमं काढत बसले असते तर कुणाच्याच डोक्यावर छप्पर आलं नसतं.

दुसरीबाजू

खांबकाका, त्याच ऑफिसात किती जणांच्या पगारातून दुसऱ्याचे हप्ते कापले गेले तेही सांगा की.

माझा अनुभव लिहितो. सहकाऱ्याच्या गृहकर्जाला जामीन राहिलो. सहा वर्षं काहीही नाही, मी विसरूनही गेलो होतो. मग त्याची नोकरी गेली. त्यानं मला सांगितलं नाही, लाज वाटली असणार. बँकेचे मेसेज त्याच्या मोबाइलवर, पत्रं त्याच्या पत्त्यावर. कर्जाच्या फाइलमध्ये माझा जो नंबर होता तो मी चार वर्षांपूर्वीच बंद केलेला.

मला कळलं कुठे? मी स्वतः गाडीच्या कर्जाला गेलो तिथे. समोरच्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, सर, तुमच्या नावावर ६७ दिवस थकलेलं गृहकर्ज दिसतंय. मी म्हटलं, माझं गृहकर्जच नाही. तिनं बोट ठेवलं, खात्याचा प्रकार: गॅरंटर.

तीन हप्ते आणि दंड मिळून १ लाख ४ हजार दुसऱ्याच दिवशी भरले, कारण ९० दिवस उलटले असते तर खातं एनपीए (बँकेच्या लेखी अनुत्पादक, थकीत) झालं असतं. त्यानं पैसे परत केले, १४ महिन्यांनी, खळखळ न करता. पण सिबिल रिपोर्टमधली (म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालातली) ती थकबाकीची खूण पैसे परत आले म्हणून पुसली जात नाही. आणि आम्ही दोघं आता भेटलो की हवापाण्याचं बोलतो.

त्यामुळे "तुला कळणारसुद्धा नाही" हे भावाचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. तो ते दिलासा म्हणून सांगतोय. माझी खरी अडचण तीच झाली होती.

रुईफूल

हे वाचून झोप उडाली. पण जामीनदाराकडे बँक येणार ती भावाकडची वसुली पूर्ण थकल्यावर ना? म्हणजे आधी फ्लॅट विकतील, मग उरलंसुरलं आमच्याकडे?

कलमकसाई

वकील आहे (नाव आधीपासूनच असं घेतलंय, हसू नये).

हा गैरसमज इतका जुना आहे की सर्वोच्च न्यायालयात १९६८ साली निकाली निघाला. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद. खालच्या कोर्टानं हुकूमनामा देताना अट घातली होती की आधी मूळ कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग वापरा, मगच जामीनदाराकडे या. उच्च न्यायालयानंही ती ठेवली. सर्वोच्च न्यायालयानं काढून टाकली. कारण असं की जामीन घेतला जातो तोच कर्जदार हुलकावणी देईल तेव्हा कामी यावा म्हणून. धनकोला थांबा सांगितलं तर जामिनाला अर्थ काय उरला? मूळ कर्जदाराकडे पैसे आहेत, त्याच्याकडून घ्या, हेही उत्तर चालत नाही. आधी भरा, मग त्याच्याकडून वसूल करत बसा.

पाया आहे करार कायद्याचं कलम १२८: करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीएवढीच. एवढीच म्हणजे मुद्दल, व्याज, दंड, वसुलीचा खर्च, सगळं.

वर सरफेसी कायदा, २००२ आहे, बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा. त्यातल्या "कर्जदार" शब्दाच्या व्याख्येत जामीनदारही बसतो. खातं एनपीए झालं की कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस त्यालाही निघते. आणि कलम १३(११) बँकेला स्पष्ट मुभा देतं की तारण मालमत्तेला हात लावण्याआधीही जामीनदारावर कारवाई करता येईल.

पण रुईफूल, हे सगळं जामीनदाराचं झालं. तुम्ही तर सहकर्जदार. तुम्हाला करार कायद्याचं कलम १३२ लागू आहे, आणि तुमची गोष्ट तिथे जवळजवळ जशीच्या तशी लिहिलीय. दोघांनी मिळून तिसऱ्याकडून देणं अंगावर घेतलं, आणि आपसात ठरवलं की दुसऱ्यानं चुकवलं तरच मी भरीन. कायदा म्हणतो, तुमचं आपसातलं ठरवणं तुमच्याजवळ. तिसऱ्याला ते माहीत असलं तरीही त्याच्या लेखी दोघांची जबाबदारी तसूभर कमी होत नाही. म्हणजे उद्या बँकेतलाच माणूस कोर्टात म्हणाला की हो, मीच म्हणालो होतो फॉरमॅलिटी आहे, तरी फरक पडणार नाही.

हिशेबनीस

वकीलसाहेबांचं सगळं बरोबर. पण ताई घाबरून जातील म्हणून व्यवहारातली बाजू सांगतो. घरकर्जात बँक बहुतेक वेळा आधी घरच धरते, कारण ते हलत नाही आणि त्यावर बोजा आधीच चढवलेला असतो. पगारदाराच्या मागे लागायला दिवाणी कोर्टात किंवा मोठ्या रकमेला कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा, हुकूम, मग अंमलबजावणी, हे सगळं लागतं. तेव्हा उद्या हप्ता चुकला आणि परवा तुमच्या दारात वसुलीवाले, असं होत नाही. (वसुलीवाल्यांचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर येता कामा नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आला तर लेखी तक्रार करा.)

खरं नुकसान त्याच्या कितीतरी आधी होतं. हप्ता ३० दिवस थकला की खात्यावर एक खूण, ६० दिवसांनी दुसरी, आणि ती कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार सगळ्यांच्या अहवालात उमटते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी निदान पंधरवड्याला तरी कळवावी लागते. पूर्वी पुढच्या महिन्यात भरून वेळ मारून नेता यायची, ती फट आता बरीच अरुंद झालीय.

मीच_ती

पण भाऊ एकही हप्ता चुकवणार नाही असं धरू. मग तर काहीच तोटा नाही ना?

हिशेबनीस

आहे, आणि हा मुद्दा कुणीच विचारात घेत नाही.

४० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता बसतो ३४,७१३ रुपये. समजा रुईफूल यांचा हातात येणारा पगार ८०,००० आहे (खरा लिहू नका, उदाहरण आहे). बँक साधारण निम्म्यापर्यंत हप्ते मान्य करते असं धरलं तर ४०,००० ची कुवत. या कुवतीवर त्यांना स्वतःला याच दरानं ४६ लाखांचं कर्ज मिळू शकतं.

भावाच्या कर्जावर सही केल्यावर? ४०,००० वजा ३४,७१३, उरले ५,२८७. त्यावर मिळेल सहा लाखांच्या आसपास.

भाऊ हप्ते भरतोय, एकदाही चुकलेला नाही, तरी हे असंच राहतं. काही बँका वर्षभराचे खात्याचे उतारे पाहून "हप्ता दुसऱ्याच्या खात्यातून जातो" हे मान्य करतात आणि तेवढा भार वगळतात. काही नाही करत. तुम्हाला नेमकी कुठली भेटेल ते आधी सांगता येणार नाही.

आणि हे लवकर हलकंही होत नाही. पहिल्या पाच वर्षांत भाऊ मिळून २०.८३ लाख भरेल. त्यातून मुद्दल फिटेल ४.७५ लाख. पाच वर्षांनी तुमच्या नावावर ३५ लाखांहून जास्त शिल्लक असेल. "थोडे दिवस सही दे, मग काढून टाकू" असं कुणी म्हणालं तर हा आकडा दाखवा.

जुना_खांब

आकडे आकडे. माणसं कुठे गेली?

अर्धविराम

काका, ३५ लाख माणसांनाच भरायचे असतात.

वळणावर

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे पण लिहिते. मी आणि माजी नवरा दोघं कर्जदार. घटस्फोटाच्या समझोत्यात लिहिलं गेलं की फ्लॅट त्याचा, पुढचे हप्तेही त्याचे. कोर्टाचा शिक्का, सगळं रीतसर. मला वाटलं सुटले. दोन वर्षांनी बँकेचं पत्र, चार हप्ते थकलेत. मी समझोत्याची प्रत घेऊन गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, यावर बँकेची सही कुठे आहे?

बरोबरच होतं तिचं. बँक त्या प्रकरणात पक्षकारच नव्हती. समझोता मोडला म्हणून मी नवऱ्याला कोर्टात खेचू शकते, बँकेला थांबवू शकत नाही. नातं संपवता येतं, कर्जाच्या करारातून नाव काढायला बँकेची लेखी मान्यता लागते.

निळीशाई

बाप रे. आणि सही करणारा भाऊच उद्या नसला तर? वाईट बोलतेय, पण विचारायला हवं.

हिशेबनीस

विचारायलाच हवं. कर्जदार गेला तरी कर्ज राहतं. वारसांवर येतं ते त्यांना मिळालेल्या इस्टेटीपुरतंच. सहकर्जदाराला मात्र अशी मर्यादा नाही, तो स्वतःच देणेकरी असतो. म्हणजे वहिनी वारस म्हणून आणि ताई कर्जदार म्हणून, आणि दोघींत ताईंची बाजू जास्त कच्ची (वहिनीही कर्जात असतील तर त्याही पूर्ण जबाबदार).

म्हणून भावाच्या आयुष्यावर कर्जाच्या रकमेएवढा मुदत विमा हवाच. बँक जी कर्जविमा पॉलिसी पुढे करते तिच्यात विमा नक्की कुणाच्या जिवावर आहे ते बघा. सहकर्जदाराचा पगार जास्त म्हणून विमा तिच्याच नावानं काढलेला मी पाहिलाय! कमावता गेला आणि विमा भलत्याचाच. शिवाय हीच पॉलिसी घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. बाहेरून साधा मुदत विमा घेता येतो.

मीच_ती

करसवलत तरी मिळेल ना रुईफूलला?

कलमकसाई

नाही. व्याजाची वजावट घराच्या मालकाला, तीही तो खरंच भरत असेल तर. जुन्या करप्रणालीत स्वतः राहण्याच्या घरासाठी प्रत्येक सहमालक-कर्जदाराला २ लाखांपर्यंत. मालकीत नाव नाही, वजावट नाही. पुढचा प्रश्न.

संध्याछाया६३

माझे वय ६३, निवृत्त. मुलाने जामीनदार म्हणून माझी सही घेतली आहे. माझे निवृत्तिवेतन आणि प्रॉव्हिडंट फंड जप्त होऊ शकतो काय? कृपया स्पष्ट सांगावे.

कलमकसाई

काका, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार सरकारी निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधी जप्तीतून वगळलेले आहेत. नोकरीत असणाऱ्यांसाठी: पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित, बाकीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जप्ती येऊ शकते, आणि एका हुकूमनाम्यात सलग किंवा तुटक मिळून २४ महिने झाले की त्या हुकूमनाम्यापुरती थांबते.

पण एक पाहा. त्याच बँकेत तुमची मुदत ठेव आहे का? बहुतेक करारांत कलम असतं की थकबाकीपोटी तुमच्या ठेवी बँक वळत्या करून घेऊ शकते. त्याला कोर्टाची पायरी लागत नाही. सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, तोही दिवाणी दाव्याविना. जामीनदारांना "१०१ ची नोटीस" ती हीच.

संध्याछाया६३

ठेव त्याच बँकेत आहे. उद्या जातो. आभारी आहे.

दुसरीबाजू

मूळ विषयावर परत. रुईफूल, सही करायचीच ठरली तर माझ्या चुका तुम्ही करू नका. तुमचा मोबाइल आणि ईमेल त्या कर्जखात्याला जोडून घ्या आणि हप्ता गेला की मेसेज येतोय का हे पहिल्याच महिन्यात तपासा. नेटबँकिंगमध्ये ते खातं दिसायला हवं. कराराची सह्यांसकट प्रत घरात हवी, भावाच्या कपाटात नको. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही एकदम मागवू नका, दर तीन महिन्यांनी एक मागवा, वर्षभर पहारा राहतो.

आणि तीन हप्त्यांएवढे पैसे बाजूला. भावाला सांगू नका ते आहेत म्हणून.

निळीशाई

शेवटचं वाक्य +१०००

अर्धविराम

मला वाटतं मुदतवाढीचं कुणी लिहिलं नाही. बदलत्या दराच्या कर्जात दर वाढला की हप्ता तोच ठेवून महिने वाढतात. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. मग जामीनदाराला न विचारता मुदत वाढवली तर करार कायद्याच्या कलम १३३ नुसार तो सुटत नाही का? अटी बदलल्या, त्याची संमती नाही, तिथून पुढच्या व्यवहारांपुरता तो मोकळा, असं ते कलम आहे ना?

कलमकसाई

वाचन चांगलं आहे. कागदावर हो. पण बहुतेक छापील जामीनपत्रांत एक परिच्छेद असतो: कलम १३३, १३४, १३५, १३९, १४१ खालचे माझे हक्क मी सोडून देतो. बारीक अक्षरात, साधारण तिसऱ्या पानावर. तुम्ही सही करता तेव्हा ढाल बँकेच्या टेबलावर ठेवूनच बाहेर येता. हा परिच्छेद काढा म्हणून सांगून पाहा, बँक काढत नाही, पण निदान आपण काय सोडतोय ते कळतं.

सहकर्जदाराला तर हा वादही घालता येत नाही. तो बदल त्याच्या स्वतःच्याच कर्जात असतो.

वळणावर

बाहेर पडायचे मार्ग काय ते पण लिहा कुणीतरी. मला दीड वर्ष लागलं.

हिशेबनीस

तीनच. कर्ज फेडणं, बँकेला पटेल असा बदली माणूस किंवा जादा तारण देणं, किंवा मूळ कर्जदारानं कर्ज दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर हलवणं. तिसरा सगळ्यात स्वच्छ, कारण जुनं खातं बंदच होतं. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे तो खर्चही वाचतो. अट एकच, तोवर त्याचं एकट्याचं उत्पन्न पुरेसं झालेलं हवं. ते झालं नसेल तर तिन्ही दारं बंद. अर्ज देऊन "माझं नाव काढा" म्हणणारे खूप येत. आम्ही अर्ज घेऊन पोच द्यायचो. पुढे काही व्हायचं नाही, हे आज कबूल करतो.

जुना_खांब

प्रतिसाद काढून टाकला आहे.

जुना_खांब

बरं, लिहूनच टाकतो. मीही एकाचे अकरा हप्ते भरले होते. घरी अजून माहीत नाही. पण त्याचं घर वाचलं, मला पश्चात्ताप नाही. माझं म्हणणं इतकंच होतं की सगळेच बुडवे नसतात.

दुसरीबाजू

काका, मानलं तुम्हाला. वरचं तिरकस वाक्य मागे घेतो.

रुईफूल (धागाकर्ती)

आठवड्यानं लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

बँकेत जाऊन कराराचा मसुदा मागितला. आधी "सही करायच्या दिवशी देतो" म्हणाले. मग मी कर्जाच्या ठळक बाबींचं पत्रक मागितलं, जे १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना द्यावंच लागतं आणि कर्जदाराला समजेल त्या भाषेत. मराठीत द्या म्हटल्यावर साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. मसुदा मिळाला मात्र. "संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार" हे शब्द दुसऱ्याच पानावर. ठेवी वळत्या करण्याचं कलमही आहे. आणि विमा, हिशेबनीस, तुम्ही म्हणालात तसंच: माझ्या नावानं, एकरकमी हप्ता, तोही कर्जातच मिळवलेला. भावालाही हे माहीत नव्हतं.

मग भावाला आणि वहिनीला समोर बसवलं आणि एकच विचारलं. तुझं काम सलग चार महिने नसलं तर हप्ता कुठून येणार? तो म्हणाला, तशी वेळ येणार नाही. वहिनी म्हणाली, दोन वर्षांपूर्वी आली होती. मला हे ठाऊकच नव्हतं.

मी सही करणार नाही असं सांगितलं. वाईट वाटलं त्याला, मलाही. त्याऐवजी माझ्याकडचे ५ लाख त्याला उसने देतेय. हे पैसे परत आले नाहीत तर माझं नुकसान ५ लाखांचं होईल, त्याहून एक रुपयाही जास्त नाही, आणि सिबिलला त्याचा पत्ता नसेल. तो कर्ज २८ लाखांचंच घेतोय, अर्जात वहिनीही आहे. उरलेल्या ७ लाखांसाठी बिल्डरशी बोलून थोडा लहान फ्लॅट बघतायत.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, मला वाटलंच होतं. (नाही वाटलं होतं.)

कलमकसाई

५ लाख रोखीनं देऊ नका. २०,००० किंवा त्याहून जास्त उसनवार रोखीनं घेतली तर आयकर कायद्यात घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. खात्यातून खात्यात पाठवा आणि साध्या कागदावर का होईना, किती, कधी दिले, कधी परत, दोघांच्या सह्या.

रुईफूल (धागाकर्ती)

खात्यातूनच दिलेत. कागदही केला. सही करताना भाऊ म्हणाला, वाचू दे आधी. दहा मिनिटं वाचत बसला होता.